अक्षदेची गाठ आणि माझे गाऱ्हाणे

मी, श्रीमती आनंदी दत्ताराम मुणगेकर, वय ७३, राहणार मिठबाव, तालुका देवगड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या शिकवणीवरून नव्हे, तर स्वतःच्या मनाने लिहिते. गुडघे गेले, डोके शाबूत आहे.

१. राहते घर, विहीर व मागचे माड माझी सून सौ. अक्षदा हिच्या एकटीच्या नावे व्हावेत. मुलगा सर्वेश याने कुरकुर करू नये. मी तिला घालवली तेव्हा तो खळ्यात, म्हणजे दारापुढच्या अंगणात, मुकाट उभा होता.

२. बँकेतील ठेव सर्वेशला. नारळ खवायचा आडाळा मात्र सीतावन्संना देऊ नये. आधी नेलेला अजून परत आलेला नाही.

३. कारण लिहिणे भाग आहे. अक्षदेला मूल नव्हते, पाळी थांबली होती, आणि एके दिवशी तिचा ब्लाउज दुधाने भिजलेला मी पाहिला. "पोर खंय टाकून इलंस गो?" मी विचारले. डॉक्टरकडे न्यायचे सोडून मी देवळात, चार माणसांसमोर, तिचे नाव घेऊन तिच्या पापाचे गाऱ्हाणे देवाला घातले. मग तिला घरातून घालवली; ती आचऱ्याला माहेरी निघून गेली.

तिच्या भावाने तिला गोव्यात दाखवले. रक्तात प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारे संप्रेरक, भलतेच वाढलेले. एमआरआयमध्ये मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ. कोणती गाठ कोणते संप्रेरक बनवते, यावरून तिचा प्रकार ठरतो म्हणे. काही तर काहीच बनवत नाहीत, नुसत्या वाढून डोळ्यांच्या नसा दाबतात. हिची प्रोलॅक्टिनची, एक सेंटिमीटरहून लहान, कॅन्सर नव्हे. आठवड्यातून दोनदा गोळी, ऑपरेशन नको. सर्वेशने हे सांगितले तेव्हा मला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले. आजारी पोरीला मी बदफैली ठरवले होते.

४. माझे तेरावे उरकल्यावर सर्वेशने त्याच देवळात, माणसांसमोर, माझे गाऱ्हाणे खोटे होते असे सांगावे.

५. वरील चौथी बाब मी रद्द करीत आहे. मसुदा ऐकवायला आज अक्षदेला बोलावले. ती पायरीवरच बसली. ऐकून म्हणाली, "घर ऱ्हवांदे, आई. मेल्यार कित्याक? तुमी तोंडान बोललास, तुमीच सांगा."

मेल्यावर कोणाला लाज वाटत नाही, म्हणूनच मी तसे लिहिले होते. सोमवारी देवळात मी स्वतः जाणार. रिक्षा सांगितली आहे. अक्षदा तिथे येणार का, हे मी विचारले नाही. मला तो हक्क नाही.

वाचून, खोडून, समजून सही केली.

आनंदी दत्ताराम मुणगेकर

साक्षीदार: चंदन विष्णू जोगल, संचिता देवेश राणे

मिठबाव, २२ नोव्हेंबर २०२४