उलट्या मानेचा प्रवास

११ सप्टेंबर, द्र्यानोवो, बल्गेरिया

गॅस बंद केला. उद्याची तालीम म्हणून कुलूप लावून फाटकापर्यंत गेलो, परत आलो, पाहिलं. बंदच होता. शेजारच्या त्सोन्कावहिनी कुंपणावरून बघत होत्या. म्हणाल्या, "भावजी, ते सिलिंडरच काढून माझ्या पडवीत ठेवा. नाहीतर प्रत्येक देशातून फोन करून विचाराल." काढून दिलं.

उद्या निघायचं. इस्क्राकडे, गेंटला. लेक लग्न करून बेल्जियमला गेली त्याला कितीतरी वर्षं झाली, मी एकदाही गेलो नाही. विमानात मी बसत नाही. ज्याचं चाक जमिनीला लागत नाही त्यात बसायचं नाही – जन्मभर बसच्या आगारात चाकांचे बोल्ट आवळले, तेवढं मला कळतं. म्हणून रेल्वे. स्वस्तातली, बदलत बदलत.

पिशवी एकच. दोन सदरे, विजार, चीज, उकडलेली अंडी, पाण्याच्या बाटलीत घरची राकिया, आलुबुखाराची दारू. आणि पुठ्ठ्यात घालून बायकोचा, गेनाचा, वर्षदिनाला दारावर लावायचा फोटोचा कागद. सामान मुद्दाम कमी घेतलं. दोन सदरे घेऊन निघालेला माणूस परत येणार हे बघणाऱ्याला आपोआप कळतं.

कारण असं झालं – गेल्या रविवारी व्हिडिओवर इस्क्रा म्हणाली, "बाबा, आता घर बंद कर आणि कायमचा इकडे ये. येशील ना?" तेवढ्यात आवाज गेला. चित्र होतं. मी मान वरखाली केली, दोनदा, ठसठशीत. म्हणजे नाही, मुळीच नाही. तिने तोंडावर हात धरला, डोळे पुसले, मग हसली. समजूतदार पोर. इतका गोड मानून नकार कुणी घेतला नसेल. मग तिचा निरोप आला – लवकर ये. मला फार वाईट वाटलं. नकार दिलाच आहे तर निदान भेटून तरी यावं.

१२ सप्टेंबर

रूसेहून डॅन्यूब ओलांडली. पलीकडे रुमानिया. नदी दोन्हीकडून सारखीच दिसते.

किल्ली वरच्या खिशात. पाहिली. आहे.

१३ सप्टेंबर, बुडापेस्ट

आज चोर ठरता ठरता वाचलो.

डब्यात वाटेवर एक भलीमोठी निळी बॅग आडवी पडली होती. तिकीट तपासनीस आला, बॅगेकडे बोट दाखवून मला काहीतरी विचारलं. तुमची का, एवढं कुणालाही कळेल. मी मान वरखाली केली. नाही. तो रागावला. पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच, जरा जोरात. त्याने मला उठवलं, बॅग उचलायला लावली आणि डब्याच्या टोकापर्यंत न्यायला लावली. माझी कंबर! मागून एक बाई ओरडत आल्या. बॅग त्यांची. तपासनीस माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे बघतो, बाई दोघांकडे बघतात.

सोडवलं ते समोर बसलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी. रुमानियन, पण माहेर रूसेच्या समोर, आमची भाषा येत होती. हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "काका, घर सोडून इतक्या लांब आलात आणि हे कुणी सांगितलं नाही? तुम्हा बल्गेरियन लोकांची मान उलटी हलते. बाकी सगळ्या जगात वरखाली म्हणजे हो, आणि डावीउजवीकडे म्हणजे नाही."

"सगळ्या जगात?"

"जवळजवळ."

"मग चूक जगाची आहे," मी म्हटलं.

"असेल, पण जग मोठं आहे काका. तुम्हीच जुळवून घ्या."

लष्करात असताना कुणीतरी असं सांगितलं होतं खरं. मला वाटलं थट्टा.

उतारूंच्या वसतिगृहात जागा मिळाली. एका खोलीत सगळे अनोळखी, खाटांवर खाटा. मी खालची घेतली, पिशवी उशाशी. खाली खाणावळीत माशाचं लाल कालवण होतं. झणझणीत. वाढणाऱ्या बाईंनी वाडगा संपताच पळी दाखवली – अजून? मी नको म्हणून मान हलवली. त्यांनी वाढलं. ते संपवलं, पुन्हा पळी. डॉक्टरीणबाईंचं सांगणं मला तिसऱ्या वाडग्यानंतर आठवलं. पोटाला तडस लागलीय.

१४ सप्टेंबर

वसतिगृहातल्या आरशासमोर सराव केला. हो – वरखाली. नाही – डावीउजवीकडे. लिहायला सोपं. पण तोंड हो म्हणतं आणि मान आपल्या वाटेने जाते. दात घासायला आलेला एक दाढीवाला माझ्या मागे शांतपणे उभा राहिला. बराच वेळ. मग दुसऱ्या बेसिनकडे गेला.

१५ सप्टेंबर, व्हिएन्ना

इथल्या वसतिगृहात भारतातले एक गृहस्थ भेटले. माझ्याच वयाचे, त्यांच्याजवळही एकच पिशवी. चांगला माणूस, सारखा हसतो. मी चीज पुढे केलं, घेता का? त्यांची मान वरखालीही गेली नाही आणि आडवीही नाही. तराजूचं पारडं डुलावं तशी दोन्ही खांद्यांकडे डुलली. मी हात तसाच पुढे धरून बसलो. मग त्यांनी घेतलं. बरं, म्हणजे हो. थोड्या वेळाने अंडं पुढे केलं. मान अगदी तशीच डुलली आणि घेतलं नाही.

असली मान मिळाली असती तर माझा जन्म सुखात गेला असता. कुणाला कधी शब्द दिला असं झालंच नसतं.

त्याच दिवशी, नंतर

वाट लागली.

त्सोन्कावहिनींचा फोन. म्हणाल्या, "भावजी, हे बरं नाही केलंत. जायचं तर सांगून जायचं. इतक्या वर्षांचा शेजार आमचा."

"सांगूनच आलो की. सिलिंडर तुमच्याच पडवीत आहे."

"इस्क्राचा फोन होता. म्हणाली, बाबा आता कायमचे माझ्याकडे, व्हिडिओवर हो म्हणाले, त्यांच्या कोंबड्या तुम्हीच ठेवून घ्या. आता मला सांगा, तो लंगडा कोंबडाही माझ्याच गळ्यात का?"

मी खाटेवर बसलो. वरची खाट डोक्याला लागली.

कळलं. तिकडे राहून राहून पोरीची मान फिरली. मी नाही म्हणालो आणि तिने हो पाहिलं. ते डोळे पुसणं आनंदाचं होतं. आणि मी दोन सदरे घेऊन निघालोय.

वहिनींना म्हटलं, कोंबड्या माझ्याच आहेत. त्या म्हणाल्या, "मग ते लेकीला सांगा. मला काय सांगता?"

परत फिरावं का? तिकीट पुढचं काढलेलं. आणि ती तिथे वाट बघत असणार. तोंडावर जाऊन नाही म्हणायचं, दुसरा उपाय नाही. या वेळी तोंडानेच म्हणायचं. मान मधे आणायची नाही.

१७ सप्टेंबर, गेंट

पोचलो. इस्क्राच्या केसांत पांढरे आलेत. व्हिडिओत दिसत नव्हते. मिठी मारून म्हणाली, "एवढंच सामान? बाबा, बाकीचं मागून येतंय का?"

मी खोकलो.

दाराच्या घंटीखाली नावाची पितळी पट्टी आहे. तिचं, जावई वाउतरचं, आणि खाली नवं कोरं – व्हलचो पेत्कोव्ह. माझं. पितळेत कोरलेलं. कागदावर असतं तर गोष्ट वेगळी.

खोलीही तयार. बागेकडची. खिडकीत टोमॅटोची कुंडी. कपाट एवढं मोठं की माझे दोन सदरे आत हरवले.

उद्या सांगेन.

१८ सप्टेंबर

सांगितलं नाही. जेवताना वाउतरने बटाट्यांचं भांडं दाखवून विचारलं, अजून? मला हवे होते. सरावाप्रमाणे मी मान वरखाली केली, अगदी त्यांच्यासारखी. वाउतर वाढायला लागला आणि त्याच क्षणी इस्क्राने भांडं उचलून नेलं. "बाबांना नको," म्हणाली. भांडं स्वयंपाकघरात गेलं, मी काट्याकडे बघत राहिलो.

बटाटे चांगले होते.

१९ सप्टेंबर

नाही सांगितलं. पाऊस.

तिकडेही पडत असेल का? आमच्या फाटकावरच्या कागदावर पावसाने शाई ओघळते, गेनाच्या चेहऱ्यावर रेघा येतात. मग मी छापखान्यातून नवा आणतो. मी नसलो तर कोण आणणार? वहिनींचा गुडघा दुखतो.

आलुबुखारही उतरायला आलेत. राकियाच्या भट्टीवर माझी पाळी ऑक्टोबरमध्ये. हे सगळं इस्क्राला सांगायचं. उद्या नको, उद्या गेनाचा दिवस आहे. परवा.

२० सप्टेंबर

नीट लिहितो, जसं झालं तसं.

गेनाला जाऊन आज सहा वर्षं. सकाळी इस्क्रा, वाउतर कामावर गेले. आणलेला कागद पुठ्ठ्यातून काढला आणि दारावर चिकटवला, रस्त्यावरून दिसेल असा. जिथे घरचा माणूस असेल तिथल्या दारावर लावायचा, हीच रीत. फोटो तोच, पांढरा रुमाल बांधलेला, हसरा. खाली नाव आणि चार ओळी, आमच्या लिपीत. इथे ती कोण वाचणार, ते माझ्या डोक्यात आलं नाही.

पलीकडच्या घरातल्या गोदलीव्हबाई सायकलवरून चालल्या होत्या. फोटो पाहून उतरल्या. माझ्याकडे वळून काही विचारलं. मला कळलं नाही. मग त्यांनी फोटोकडे बोट केलं, कपाळावर आडवा हात धरून रस्त्याच्या या टोकाला, त्या टोकाला पाहिलं. हरवली आहे का?

नाही हो, हरवेल कशी? चर्चमागे अक्रोडाखाली आहे, मीच ठेवली. पण आजच्या दिवशी मन भरून आलेलं, सराव कुठला आठवतोय. मान आपल्या मुळावर गेली. वरखाली. वरखाली.

बाईंनी छातीवर हात ठेवला. माझा दंड धरून मला पायरीवर बसवलं. आणि गेल्या.

थोड्याच वेळात सायकलीच सायकली. टपालवाला आला, त्याने फोनवर कागदाचा फोटो काढला. कुणी मला कॉफी दिली, कुणी खांद्यावर शाल टाकली. मला वाटलं, काय माणसं आहेत. परक्याच्या बायकोच्या वर्षदिनाला सगळा रस्ता लोटलाय. एका उंच माणसाने कालव्याकडे बोट करून हळूच विचारलं. तिकडे गेली का, असं काहीतरी. मी घाबरलो. तिकडे नाही, अजिबात नाही. जीव तोडून मान हलवली. वरखाली.

सगळे कालव्याकडे धावले.

इस्क्रा आली तेव्हा दोघे जण लांब काठ्यांनी पाणी ढवळत होते. गोदलीव्हबाई गेनाचं नाव घेऊन हाका मारत होत्या – कागदावरचं वाचता येत नव्हतं, मीच सांगितलं होतं. गे-ना, गे-ना. इतक्या मोठ्याने तिला कुणी कधी बोलावलं नव्हतं. मी तर शिट्टी वाजवायचो.

इस्क्राने ऐकून घेतलं, आणि पायरीवर बसून हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मग उठून सगळ्यांना सांगितलं. काठ्या थांबल्या. मला जमिनीत जावंसं वाटलं. पण कुणी रागावलं नाही. गोदलीव्हबाईंनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि कागदासमोर उभ्या राहिल्या. त्या उभ्या राहिल्या म्हणून टपालवालाही. मग सगळे.

पुरलं त्या दिवशी पाऊस होता. एवढी माणसं तिकडेही आली नव्हती.

संध्याकाळी इस्क्रा बटाटे सोलत होती. मी दोन्ही हातांनी हनुवटी धरली, मान हलू नये म्हणून, आणि म्हटलं, "इस्क्रा, मी राहायला आलेलो नाही. आई तिकडे आहे. घर तिकडे आहे. मी त्या दिवशी नाहीच म्हणालो होतो."

"बरं," ती म्हणाली.

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं. हनुवटी सोड, बाबा."

२१ सप्टेंबर

एवढं चटकन बरं? थोडं तरी भांडायला हवं होतं. मी सबंध जर्मनी ओलांडताना उत्तरं तयार केली होती. रुसली असेल का? पण गुणगुणत होती. दाखवत नसेल. की मी नको झालोय?

घंटीखालची पट्टी अजून तिथेच. मी काढू का विचारलं. "राहू दे, स्क्रू गंजलाय," म्हणाली. कालच्या स्क्रूला गंज? स्क्रूमधलं मला शिकवते.

२४ सप्टेंबर

गोदलीव्हबाईंनी कागदावर प्लास्टिक चढवून दिलं. इथल्या पावसासाठी. मी कुंडी अंगणात नेऊन टोमॅटोला काठ्या लावल्या. कालव्यातल्याच.

२७ सप्टेंबर, गाडीत

निघालो. फलाटावर इस्क्रा माझी कॉलर नीट करत म्हणाली, "बाबा, त्या दिवशी व्हिडिओवर तू नाही म्हणालास, ते मला तेव्हाच कळलं होतं. मान विसरायला मी काय बेल्जियन आहे?"

"मग ती खोली? ती पट्टी? कोंबड्या?"

"हो म्हणायला तू कधीच घराबाहेर पडला नसतास. नाही म्हणायला मात्र अर्धा युरोप ओलांडून येशील, हे ठाऊक होतं."

बटाट्यांचं भांडं उचललं तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मी आत चढलो. दार लागलं. आवाज गेला, चित्र होतं. काचेपलीकडून तिने अंगावर कोट ओढल्यासारखं केलं, बोटांनी बर्फ पाडला, मग घराच्या दिशेला हात केला. हिवाळ्यात येशील?

मी मान हलवली. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, गाडी हलली तरी.

शेजारी उभ्या असलेल्या रेल्वेच्या बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिचं सांत्वन केलं. इस्क्रा हसत होती.