कविता खपली तरी!

कामरगाव,
६ ऑक्टोबर २०२५

ती. भाऊजी प्रेमसिंग यांस,
दौलतसिंगचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सारे खुशाल. सोयाबीन निघालं, उतारा बेताचाच. फोनवर तुमाले ऐकू येत नाही आन् मोबाइलवरच्या मजकुराले तुमी पत्र मानत नाही, म्हणून हा कागद.

तेरा वर्षांमागं ताईच्या सांगण्यावरून तुमी जो कॉम्प्युटर मले जुळवून देला, तो गेला. वीज कडाडली तवा पिन काढायची राह्यली. कारंज्याच्या धम्मरत्नच्या दुकानातून नवा मदरबोर्ड आन् एक लहान नवी डिस्क आणली. मीच घरी जुळवलं, अडुसष्टाव्या वर्षी, कोणाचा हात लागू देला नाही. विंडोज बी टाकलं. पण तुमी बसवलेल्या जुन्या दोन डिस्का लावल्या तर तो कामाचं काहीच दाखवत नाही.

त्या डिस्कांत माझ्या जिवाचं आहे. दुसरीकडं कुठंच त्याची नक्कल नाही. काय ते इचारू नका, फेब्रुवारीत सांगीन. जोडी तुमी बनवली, तुमीच सोडवा.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमचा, दौलत

आसेगाव,
११ ऑक्टोबर २०२५

चि. दौलतसिंग यास,
प्रेमसिंगचे अ. उ. आ.

गाढवा, आभाळ गरजलं की पिन काढायची, हे मी कॅबिनेटवर खडूनं लिहून दिलं होतं. तू पुसलं असशील. लिहिलेलं नाहीसं करण्यात तुझा हात कोण धरील?

आता ऐक. त्या डिस्का दोन दिसतात, पण मजकूर एकच. एक ओळ हिच्यावर, पुढची तिच्यावर. वर्गात दोन पोरांनी एकाआड एक ओळ म्हणून कविता पुरी करावी, तसं. त्या दोघींना एका सुरात ठेवते ती बोर्डावरची चिप, तिला कंट्रोलर म्हणतात. विंडोजला त्या चिपची ओळख करून देणारा तो ड्रायव्हर. तो नसला की विंडोज म्हणजे हजेरीपट न घेता वर्गात शिरलेला नवा मास्तर. पोरं समोर बसलेली असतात आणि हा म्हणतो, वर्ग रिकामा आहे.

पडद्यावर नेमकं काय लिहून येतं ते शब्दाला शब्द कळव. तोवर एकही बटण दाबलंस तर याद राख.

काल शाळेवरून गेलो. तिसरीचा वर्ग कविता म्हणत होता. मला ऐकू आली नाही, पण माना डोलत होत्या त्यावरून चाल ओळखली. मग बराच वेळ फाटकाशीच उभा राहिलो.

पोराबाळांस आशीर्वाद. लोभ ठेवणं न ठेवणं तुझ्या अकलेवर.
प्रेमसिंग

कामरगाव,
१७ ऑक्टोबर २०२५

ती. भाऊजी यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या शिव्या पोचल्या, बरं वाटलं. पडद्यावर असं येते: डिस्क अनोळखी आहे, वापरायची तर इनिशियलाइज करा. खाली दोन बटणं, हो आन् नाही. मी कशालेच हात लावला नाही. तुमी सांगाल ते दाबतो.

एक इचारू? लिहिलेलं नाहीसं करतो म्हणून टोमणा मारला, म्हणजे वहीचा राग अजून धरून राह्यले का काय? अठ्ठेचाळीस वर्षं झाली, भाऊजी! मी तवाच म्हटलं होतं ना, कविता खपली तरी!

हसा जरा. माया आहे तशीच राहू द्या.
तुमचा, दौलत

आसेगाव,
२३ ऑक्टोबर २०२५

प्रिय चि. दौलतसिंग यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून समाधान वाटलं. या वयात घरच्या घरी कॉम्प्युटर जुळवलास, तुझ्या चिकाटीचं कौतुक करावं तेवढं थोडं.

आता अगदी सोपं काम उरलं आहे. त्या प्रश्नाला हो म्हण. मग तो फॉरमॅट करू का विचारील, त्यालाही हो म्हण. तिथे ‘क्विक’ या शब्दापुढे बरोबरची खूण दिसेल, ती तेवढी काढून टाक. दोन्ही डिस्कांना असंच कर. काही तास लागतील. घाई न करता, मन लावून कर, आणि मध्ये बंद करू नकोस.

तुझ्या घरी सुख नांदो. स्नेह आहेच, तो उत्तरोत्तर वाढो.
तुझा, प्रेमसिंग

आसेगाव,
२३ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. मंजू हिस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

नागपुरात थंडी पडू लागली असेल, नातवाच्या कानाला रुमाल बांधत जा. आज मन पिसासारखं हलकं आहे, आणि त्याचं कारण फक्त तुलाच सांगतो.

लग्नानंतरच्या वर्षी तुझी आई माहेरी कामरगावला गेली, तेव्हा माझ्या कवितांची वही सोबत घेऊन गेली. सात वर्षं लिहिलेल्या कविता, दुसरी प्रत नाही. मी तिला आणायला गेलो तो बाजाराचा दिवस. तुझा दौलतमामा तेव्हा फुटाणे विकायचा. जावई आला म्हणून त्यानं हातात पुडी दिली. फुटाणे संपले, कागद उलगडला, आणि माझंच अक्षर माझ्याकडे पाहत होतं. शेवटच्या कडव्यावर मिठाचा डाग. वहीची सगळी पानं त्या दिवशी बाजारभर गेली होती. मी काही बोलायच्या आत तो हसून म्हणाला की कविता खपली तरी! भोवतालची माणसंही हसली. त्यानंतर मी एक ओळ लिहिली नाही. दुसऱ्यांच्या कविता पोरांना शिकवल्या, बस्स.

आणि तुझी आई शेवटचे चार महिने त्याच्या घरी राहिली. अमरावतीचा दवाखाना तिथून जवळ, हे खरं. पण ती तिथून परत आली नाही, हेही खरं.

आता त्याच्या जिवाचं काहीतरी दोन डिस्कांत आहे आणि चावी माझ्याकडे आहे. आज त्याला असा उपाय लिहून धाडला की डिस्का पुसलेल्या फळ्यासारख्या होतील. फळ्यावर निदान खडूचा धुरळा उरतो. इथे तोही उरणार नाही. वहीच्या बदल्यात डिस्क.

आई असती तर चार दिवस माझ्याशी बोलली नसती. ती नाही, म्हणून तर जमलं.

मला नावं ठेव, पण माया ठेव.
बाबा

कामरगाव,
३० ऑक्टोबर २०२५

प्रेमसिंग मास्तर यांस,
नमस्कार. आशीर्वाद नको.

तुमचं पत्र एकदा वाचलं. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं, एक बी शिवी नाही. साऱ्या जन्मात तुमी मले कधी ‘प्रिय’ म्हटलं नाही, ‘मन लावून कर’ म्हटलं नाही. तितंच समजलो, काहीतरी वंगाळ आहे. डिस्का पिशवीत घातल्या आन् सकाळच्या जीपनं कारंज्याले धम्मरत्नकडं गेलो. त्यानं पत्र वाचलं आन् इचारलं का हे कोण्या दुश्मनानं लिहिलं. मी म्हटलं, दुश्मन नाही, बहिणीचा नवरा आहे. तो म्हणे, मंग बराबर आहे.

मंजूचा फोन त्याच्या दुसऱ्या दिवशी आला. लय रडली. तिले म्हटलं, बाई, तुझ्या बापाचा डाव आदीच उमगला मले.

आता ऐका, त्या डिस्कांत काय आहे ते. तुमची वही आहे.

पुड्या बांधल्या ती चूक माझी. पण त्याच्या आदी महिनाभर ताईनं ती वही रोज वाचली होती. तिले तोंडपाठ होती. शेवटच्या चार महिन्यांत ती खाटेवर पडून एक-एक कविता म्हणे आन् मी दोन बोटांनी टाइप करो. बावन्न कविता झाल्या. मी म्हटलं, भाऊजीलेच म्हणून दाखव ना. ती म्हणे, आता त्याइले ऐकू येत नाही, आन् येत होतं तवा त्याइनं कधी म्हण म्हटलं नाही. तुमच्या फेब्रुवारीतल्या पंच्याहत्तरीले द्यायचं, हे तिचंच ठरलेलं.

धम्मरत्न म्हणते, जोडी ज्यानं बांधली त्यानंच रीत सांगावी, उगाच हात लावला तर बिघडन. म्हणून डिस्का परत आणून लावल्या. पडद्यावर तोच प्रश्न आहे. दाबू का हो? आठ दिवस वाट पाहतो. खरी रीत आली नाही तर तुमची वही दुसऱ्यांदा जाईल, आन् या वेळी तुमच्याच अक्षरानं.

माया होती.
दौलतसिंग

आसेगाव,
३ नोव्हेंबर २०२५

दौलत, गाढवा,

हात मागे घे. पत्र पोस्टानं पाठवत नाही, एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती देतो. सोबत फुटाण्यांची पुडी आहे. ती जपून सोड, फाडू नकोस. खरी रीत पुडीच्या कागदावर आतल्या बाजूनं पुन्हा लिहिली आहे: दोन्ही डिस्का लाव, बोर्डाच्या सेटिंगमध्ये कंट्रोलर ‘रेड’वर, म्हणजे दोघींना जोडीनं धरण्यावर, कर, त्याचा ड्रायव्हर धम्मरत्नकडून पेनड्राइव्हमध्ये घे. विंडोज पुन्हा टाक. डिस्क कुठे आहे असं विचारील तेव्हा ‘लोड ड्रायव्हर’ दाब आणि पेनड्राइव्ह दाखव. दोघी एक होऊन दिसतील. विंडोज मात्र नव्या लहान डिस्कवरच टाक. इनिशियलाइजला मेलास तरी हो म्हणू नकोस.

सदतीस वर्षांत हजारो पोरांना बाकावर उभं करून कविता म्हणायला लावली. घरात एक होती, तिला कधी म्हण म्हटलं नाही.

पंच्याहत्तरीची वाट पाहू नकोस. सगळ्या एकदम पाठव. फुटाण्यांचा राग मी सोडलेला नाही, पण तो नंतर काढू.

उरलासुरला लोभ दे.
प्रेमसिंग

कामरगाव,
१० नोव्हेंबर २०२५

ती. भाऊजी यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या रीतीनं डिस्का उघडल्या. बावन्नच्या बावन्न शाबूत आहेत. फुटाणे मऊ पडले होते, तरी पुडी वाचत-वाचत सारे खाल्ले.

एकदम पाठवणार नाही. तुमी माझ्या हातानं ताईचे चार महिने पुसाले निघाले होते. ते मी इसरणार नाही. महिन्याले एक कविता येईल, पोस्टानं, माझ्या अक्षरात, चुकांसकट. पहिली सोबत आहे. बावन्न महिने होतात, म्हणजे चार वर्षं आन् वर चार महिने. तोवर तुमाले मरायची परवानगी नाही.

आन् आणखी एक. बावन्नमधली एक कविता तुमची नाही. ती ताईची सोताची आहे, खाटेवरच केलेली. कोणती, ते तिनं मले सांगितलं आहे. मी तुमाले सांगणार नाही. तुमी मास्तर आहात, ओळखा.

माया आहे. ती बी महिन्याले एकदाच.
तुमचा साळा,
दौलत