शेडमध्ये कुणीतरी येतं

३ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ओंडके फोडायचं यंत्र अखेर उभं राहिलं! जुना गर्डर, त्यावर भंगारातला मोठा जॅक, पाण्याच्या पंपाचं इंजिन आणि टोकाला पोलादी पाचर. दांडा दाबला की जॅक ओंडक्याला पाचरीवर रेटतो आणि ओंडका काकडीसारखा चिरतो. दोन आठवडे झाले, कुऱ्हाड हातात धरलेली नाही.

पण शेडमध्ये कुणीतरी येतं. सोमवारी दांड्याला नवीच स्प्रिंग दिसली. हात काढला की यंत्र थांबतं. मी ती काढून फेकली. काल पाहतो तर पुन्हा बसवलेली, वर शेजारी दुसरा दांडा! दोन्ही एकदम दाबल्याशिवाय जॅक हलतच नाही. मला शेजारच्या सुताराचा संशय आहे. कुंपणावरून सारखा टक लावून असतो. हिला विचारलं, तर म्हणाली, मला काय कळतंय त्यातलं. आज शेडला कुलूप घातलंय.

संशयी वाटलो तरी माया कमी करू नकोस.

तुझा,
खटपट्या


९ नोव्हेंबर

चि. खटपट्यास,
अ. आ.

अरे, हा कसला चोर, जो पदरची स्प्रिंग लावून जातो? लहानपणी तुझी गोटी हरवली की आधी माझी झडती व्हायची आणि गोटी तुझ्याच खिशात निघायची. सुताराच्या दारात जाण्याआधी कुलपाची दुसरी किल्ली कुणाकडे आहे ते बघ. आणि दोन दांडे कुणाला कशाला हवे असतील? तूच काहीतरी लपवतोयस, असा मला वास येतोय.

जपून राहा. रागावलास तरी पत्र टाक.

तुझी,
ताई


१४ नोव्हेंबर

ती. वन्सं,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यायच्या आदल्याच दिवशी यांनी सुतारभावजींना चारचौघांत चोर म्हटलं. ते बिचारे गप्प राहिले, कारण मी त्यांच्याकडून तसा शब्द घेतला होता.

स्प्रिंग आणि दुसरा दांडा मीच त्यांच्याकडून बसवून घेतला. पहिल्याच आठवड्यात मी खिडकीतून पाहिलं. एका हाताने दांडा दाबून हे दुसऱ्या हाताने ओंडका सावरत होते. हातमोजा पाचरीत अडकला. हात कसाबसा सुटला. फाटका मोजा यांनी गुपचूप शेगडीत घातला आणि मला म्हणाले, चहा टाक. सांगून ऐकणारे असते तर सांगितलं असतं, वन्सं. तुम्ही ओळखताच.

आज यांना घेऊन भावजींकडे जाणार आहे. काय होईल ते होवो. पाठीशी असा.

तुमची,
वहिनी


१७ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं नाक तिखट. मोज्याचं मी कुणालाच बोललो नव्हतो. बोललो असतो तर यंत्राजवळ पुन्हा जायची हिंमत झाली नसती.

सुताराच्या दारात मान खाली घालून माफी मागितली. माझे दोन्ही हात हातात घेऊन त्याने एकेक बोट मोजलं. दहा भरली तेव्हा बाजूला सरला आणि आम्हाला आत घेतलं. त्याची स्वतःची आठच आहेत. उरलेली दोन कशी गेली, हे इतकी वर्षं शेजारी राहून मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

आहे तशीच माया असू दे.

तुझा,
खटपट्या