मामांची मिशी आणि माझी पाठ

तीर्थरूप हंबीरराव मामा यांना,

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाहून तुमचा भाचा ऋतुराज याचा कंबरेत वाकून नमस्कार. (वाकलेला दिसत नाही, तरी विश्वास ठेवावा. सध्या माझ्या कुठल्याच गोष्टीवर तुमचा विश्वास नाही हे मला ठाऊक आहे, पण नमस्कारापुरता ठेवावा.) मी इथं खुशाल आहे. तुमचा गुडघा कसा आहे? पावसानं धरला असेल, म्हणून विचारतो. मामींचा खोकला, म्हशीचं लाथ मारणं आणि संयोगिताचा अभ्यास, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. तुम्ही माझा फोन उचलत नाही. परवा चुकून उचललात, ‘कोण हाय?’ म्हणालात, मी ‘मामा’ म्हणताच ठेवून दिलात. म्हणून हे पत्र लिहून संयोगिताच्या मोबाईलवर पाठवतोय. तिनं याची प्रिंट काढावी आणि तालमीच्या कट्ट्यावर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचावी. आवाज पलीकडच्या पेठेत धैर्यशीलकाकांपर्यंत गेला तरी चालेल. उलट जावाच.

तुमची तक्रार काय आहे ते मला आईकडून कळलं. वर्ल्डकपच्या मॅचला भाचा खुद्द मैदानावर उभा असणार, म्हणून तुम्ही तालमीसमोर ताडपत्री ठोकली, पडदा लावला, पहाटे उठून सगळी पेठ जमवली, धारोष्ण दुधाचे ग्लास फिरवले, आणि भाच्यानं काय दाखवलं, तर पाठ. सगळ्या जगानं मैदानाकडं तोंड केलंय आणि आमचंच येडं तेवढं उलटं उभं राहिलंय, असं तुम्ही म्हणालात म्हणे. मामा, मी उलटा नव्हतो. मी ड्यूटीवर होतो, आणि ती ड्यूटीच तशी होती.

तिकीट काढून मॅच बघणं विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून मी स्वयंसेवक झालो हे तुम्हाला सांगितलं होतंच. (पगार नाही. एक पोपटी जाकीट आणि एक वेळचं जेवण. जेवणात थंडगार पाव आणि त्यात कसलासा पाला.) मैदानावर उभं राहायचंय एवढं ऐकलं आणि मी तुम्हाला फोन केला, ही माझी घाई झाली. पण त्या फोननंतर दुसऱ्याच दिवशी चौकात फ्लेक्स लागला, ही तुमची त्याहून मोठी घाई झाली. ‘जागतिक फुटबॉलच्या मैदानात उतरणारे आपल्या पेठेचे सुपुत्र.’ मी मैदानात उतरणार नव्हतो मामा, मैदानाच्या कडेला उभा राहणार होतो. शिवाय फ्लेक्सवाल्यानं माझ्या मिशीला एवढा काळा रंग चढवलाय की आधी मिशी दिसते, मग मागून मी येतो.

फ्लेक्स लागल्यावर आमचं प्रशिक्षण झालं. शिकवायला डोना नावाच्या बाई होत्या, अंगानं आपल्या तालमीतल्या कुठल्याही पैलवानाला चीत करतील अशा. त्यांनी आम्हाला एका रांगेत उभं केलं आणि एकच गोष्ट सांगितली, की तोंड प्रेक्षकांकडं आणि पाठ मैदानाकडं. कुणी कुंपण ओलांडून आत घुसतंय का, बाटली फेकतंय का, एवढंच बघायचं. गोल झाला तरी वळायचं नाही. मी हात वर करून विचारलं की पेनल्टी असेल तर? तर माझ्याकडं बघून त्यांनी नियम परत पहिल्यापासून सांगितला. आपल्याकडं बंदोबस्ताचा पोलीससुद्धा मॅचकडं तोंड करून उभा असतो, ऑफसाईड दिसला की रेफ्रीच्या आधी ओरडतो, त्यामुळं असलं काही जगात असतं हे मला माहीतच नव्हतं. खेळावर प्रेम असणाऱ्या माणसाला खेळाकडं पाठ करून उभं करायचं, याला काय म्हणावं! पण जाकीट अंगावर चढलं होतं.

हे सगळं तुम्हाला सांगायला मी फोन लावला, तोवर तुमची पैज लागून गेली होती. धैर्यशीलकाका फ्लेक्स बघून म्हणाले, ‘तुमचा भाचा तिथं पॉपकॉर्न इकत आसंल.’ आणि तुम्ही भर चौकात मिशी पणाला लावलीत. ऋतुराजचं तोंड टीव्हीवर दिसलं तर धैर्यशीलनं उतरवायची, न्हाय दिसलं तर हंबीररावनं, रविवारी सकाळी, कट्ट्यावर खुर्ची टाकून. मामा, जी मिशी तुम्ही आजवर एकदाच उतरवलीत, आजोबा गेले तेव्हा, आणि त्यावेळी महिनाभर तुम्ही उपरणं नाकापर्यंत ओढून फिरत होता, ती मिशी तुम्ही माझ्या तोंडावर लावलीत. मी नियम सांगायला लागलो तर तुम्ही म्हणालात, ‘त्ये मला सांगू नगंस. एक डाव वळायचं, कॅमेऱ्यात बघून मिशीला पीळ द्यायचा, आणि परत फिरायचं. कोण इचारतंय?’ तुम्ही डोनाबाईंना बघितलेलं नाही.

आता प्रत्यक्ष मॅचचं सांगतो. कोण कुठला देश खेळत होता ते तुम्ही बघितलंयत, मी बघितलेलं नाही. मी बघितलं ते दोन देशांच्या लोकांचं तोंड. माझ्यासमोर पहिल्या रांगेत एक टकले गृहस्थ होते, गालाला रंग फासलेले, डोळ्यांवर आरशासारखा गॉगल. अर्धी मॅच मी त्या गॉगलमध्ये बघितली. गॉगलमध्ये डावा उजवा दिसतो आणि गोलकीपर मुंगीएवढा, पण सवयीनं जमतं. तुम्ही स्वतः पेठेचे गोलकीपर होता, तुम्हाला सांगतो, एक गोल त्यानं असा अडवला की माझ्या तोंडून ‘भले शाब्बास!’ निघून गेलं. त्या गृहस्थांना वाटलं मी त्यांनाच म्हणालो. त्यांनी मला चिप्स दिले. मग ऊन उतरलं आणि त्यांनी गॉगल काढून खिशात घातला. (मी त्यांना तो परत लावायची विनंती केली. त्यांनी मला दुसऱ्यांदा चिप्स दिले.) त्यांच्या शेजारी एक म्हातारी लोकर विणत बसली होती. सगळं स्टेडियम उठून ओरडलं तरी तिनं टाका सोडला नाही. एवढ्या लांब येऊन मॅच न बघणारे आम्ही दोघंच, त्यामुळं आमची नजरानजर व्हायची आणि आम्ही मान हलवायचो.

आणि त्याच वेळी, आईनं सांगितलं, तुम्ही पडद्यावरच्या सगळ्या पोपटी पाठींतून माझी पाठ बरोबर शोधून काढलीत, डावा खांदा पाडून उभी असलेली. तर धैर्यशीलकाकांनी विचारलं, ‘पाठीवर काय नाव लिवलंय?’ मामा, माझं एवढंच म्हणणं आहे की पाठ काही माझ्यापासून वेगळी नाही. भाचा मैदानावर होता, पॉपकॉर्न विकत नव्हता, हे तर सिद्ध झालं? तेव्हा धैर्यशीलकाकांनी मोठ्या मनानं ही पैज मोडीत काढावी, दोन्ही मिशा जागच्या जागी राहाव्यात, आणि रविवारी खुर्ची टाकायचीच असेल तर त्यावर बसून तांबडा-पांढरा रस्सा हाणावा, अशी कट्ट्यावरच्या समस्त मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे.

मोठ्यांना नमस्कार, संयोगिताला आशीर्वाद (ती माझ्यापेक्षा वर्षानंच लहान आहे आणि आशीर्वाद घेत नाही, तरी पाठवतो).

तुमचा,
ऋतुराज

ता. क. संयोगिता, इथून पुढं मोठ्यानं वाचू नकोस. कागद घडी घालून मामांच्या हातात दे. माझी आई जवळपास असेल तर ती जाईपर्यंत थांब.

मामा, मी वळलो होतो. वर जे लिहिलंय त्यात मी वळलो नाही असं कुठंच लिहिलेलं नाही, परत वाचून बघा. दुसऱ्या हाफात समोरचे सगळे एकदम उठले, टकले गृहस्थ रडायला लागले, म्हातारीनंसुद्धा सुया खाली ठेवल्या. गोल झाला होता आणि खेळाडू पळत नेमके माझ्या मागच्या कोपऱ्यात येऊन एकमेकांवर पडत होते. त्यांच्या मागं कॅमेरेवाले. मला तुमची मिशी दिसायला लागली. खरं सांगतो, डोनाबाई समोरच्या जिन्यात उभ्या होत्या आणि माझ्याकडंच बघत होत्या, तरी मी वळलो, कॅमेऱ्यात सरळ बघितलं आणि मिशीला पीळ दिला. स्टेडियमच्या मोठ्या पडद्यावर माझं तोंड आपल्या तालमीएवढं दिसलं. मग डोनाबाई आल्या. जाकीट मी स्वतःच काढून दिलं.

ता. क. दुसरं. तरी तुमच्यापैकी कुणी मला ओळखलं नाही, कारण मिशी नव्हती. पीळ दिला तो नुसत्या ओठाला. धैर्यशीलकाका म्हणे ओरडले, ‘त्ये बघा, नाक पुसतंय!’ झालं असं, की स्वयंसेवकाच्या पासावरचा फोटो मी इथं नवीन आलो तेव्हाचा, गुळगुळीत तोंडाचा. पुढं तुम्हीच म्हणालात, ‘मिशी ठेव, कुठंबी ओळखू येशील,’ म्हणून ठेवली. त्या दिवशी गेटवरच्या यंत्रासमोर तोंड धरलं तर लाल दिवा. परत धरलं, परत लाल. यंत्र म्हणतंय हा तो नव्हेच. तिथला माणूस म्हणाला की फोटोसारखा होऊन ये नाहीतर घरी जा. मी घरी गेलो असतो तर तुमची मिशी गेलीच होती. मग दुसऱ्या एका मुलाकडून वस्तरा घेतला आणि संडासातल्या बेसिनपाशी, हात धुवायच्या साबणानं, ओठ मोकळा केला. यंत्रानं लगेच ओळखलं.

ता. क. तिसरं, आणि खरं काम हे आहे. आईनं मला ओळखलं होतं. त्याच दिवशी तिचा फोन आला, स्वयंपाकघरातनं, मिक्सर चालू ठेवून. म्हणाली, ‘त्यो तूच न्हवं? तुझे पप्पा शेजारी भडंग खात बसलेते. बाप जित्ता असताना पोराचा वठ मोकळा! काळजात धस्स झालं माझ्या. आन् चारचौघांत उठून मी सांगू व्हय, ह्यो माझाच म्हणून?’ मी तिला यंत्राचं सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी अंबाबाईची ओटी भरून आली. तेव्हापासून पप्पांचं भडंग बंद आहे, जिना चढणं बंद आहे, मोटरसायकलची किल्ली डाळीच्या डब्यात आहे. पप्पांना काही कळेना. मला विचारत होते की तुझ्या आईला माझ्याबद्दल डॉक्टरनं काही सांगितलंय का?

ती मॅच संयोगिताच्या मोबाईलवर रेकॉर्ड आहे. मनात आणलंत तर पुढं-मागं करून माझं तोंड सगळ्या पेठेला दाखवता येईल आणि धैर्यशीलकाकांची मिशी रविवारी खाली पडेल. पण मग ते तोंड पडद्यावर थांबवून दाखवावं लागेल, पप्पांच्या शेजारी आईला बसवून, आणि ‘बापाच्या जित्तेपणी’ म्हणून कुणीतरी एक जण बोलणारच. मामा, ती दिसते तशी धीट नाही. म्हणून वरची विनंती कट्ट्यासाठी होती, तुमच्यासाठी ही आहे. धैर्यशीलकाकांनी ऐकलं नाही, तर तुम्ही खुर्चीवर बसा. माझ्यापायी बसा. मिशी माझीही गेलीय, दोघं मिळून वाढवू.

ता. क. शेवटचं. हे एवढं लिहून, पाठवायच्या आधी, प्रिंटचं सांगायला मी संयोगिताला फोन केला. तिला सहज विचारलं की माझं तोंड पडद्यावर आलं तेव्हा मामा काय करत होते. ती म्हणाली, ‘बाबा खुर्चीवरनं अर्धे उठले होते, हात मिशीला गेलता. मग मागं वळून आक्काकडं, तुझ्या आईकडं, बघितलं. आन् खाली बसून म्हणाले, ह्यो आपला न्हाय.’

मामा, म्हणजे तुम्हीसुद्धा ओळखलंत. यंत्राला जे मिशी उतरवल्याशिवाय जमलं नाही ते तुम्ही नुसत्या ओठाच्या पिळावरनं केलंत, आणि भर पेठेत मिशी सोडून दिलीत. मी इथं एवढं लांबलचक पत्र लिहून तुम्हाला तेच करायला सांगत बसलोय जे तुम्ही दुधाचा ग्लास हातात धरून केव्हाच करून मोकळे झालात. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू?

पण मग फोन का उचलत नाही? आवाजावरनं मला कळंल म्हणून? कळलंय आता. उचला.