सगळ्यांची उत्तरं बरोबर

धुळे

ती. आईस,

माझा एम.एस्सी. नर्सिंगचा प्रबंध आज परत आला. बायका रक्तदाबाची गोळी का चुकवतात, हा विषय. आणि आपल्या गल्लीत एकीनेही ती कधी चुकवलेली नाही. उत्तरं मीच घरी बसून भरली, असं गाइड मॅडम म्हणतात. माझ्याआधी तूच घरोघर फिरलीस ना, सगळ्यांना 'रोज गोळी घेतो' असं सांगायला लावत? "बठ्ठ्या जणी रोज लेतस सांगा, मनी पोर पास व्हवाले जोयजे."

आता पुन्हा भडगावला येऊन सगळ्यांना विचारायचं. हे पत्र टाकत नाही. वाचलंस तर खरं काय सांगायचं, तेही पढवून ठेवशील.

रोज गोळी घेणाऱ्या त्या बायकांत सगळ्यात जास्त रक्तदाब तुझा होता, आई. या खेपेला पहिलं दार आपलंच, आणि प्रश्नाआधी मी गोळ्यांचा डबा मागणार आहे.

तुझी वैतागलेली,
नूतन