पिशवीतले साहेब

ती. जाऊबाई,

साष्टांग नमस्कार. (वन्संच्या घरात जमिनीवर आडवं पडायला जागा कमी आहे, म्हणून तूर्त निम्माच घातला आहे, उरलेला आल्यावर पुरा करीन.) तुमचा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला इथवर ऐकू येत नाही, त्यावरून कमी झाला असावा असं धरून चालते. मी खुशाल आहे, साहेब खुशाल आहेत, आणि मी निघताना तुम्ही दारात उभं राहून "तुला हे जमायचं नाही" असं जे म्हणालात, त्याचं सविस्तर उत्तर पुढे लिहीत आहे. बसून वाचा.

तुम्हाला निम्मं ठाऊक आहे, तरी मुद्दाम पहिल्यापासून लिहिते, कारण आपल्या घरात हकीकत तुमच्या तोंडून फिरली की तिला एक जादा बाही फुटते. तर सासूबाई गेल्या आणि मागे त्यांचे साहेब राहिले. अकरा वर्षांचं, तपकिरी, एक कान दुमडलेलं, मांडीवर मावेल एवढं कुत्रं, पण खुर्चीत असे बसायचे की सासूबाईंनी नावच साहेब ठेवलं आणि आपण सगळे त्यांना अहोजाहो करू लागलो. (आपल्या नवऱ्यांना हा मान मिळायला किती वर्षं लागली, आठवा.) सासूबाई गेल्या त्या दिवसापासून साहेब भुंकले नाहीत. दोन महिने त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर हनुवटी टेकून पडून. तिकडे परदेशात वन्संना वेळेवर रजा मिळाली नाही, आईचं शेवटचं दर्शन झालं नाही. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "मला बाकी काही नको, साहेबांना पाठवा." तेव्हा जेवणाच्या टेबलाशी सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. मी शिवणकाम करते, म्हणजे मला काम नसतं, असा आपल्या घराचा जुना समज आहे.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, हृदय थकलेलं आहे, खाली सामानात घालू नका, जातील तर तुमच्या पायाशी जातील. पायाशी न्यायचं तर विमानवाल्यांचा नियम असा, की पिशवी सीटखाली मावली पाहिजे, आत कुत्र्याला उभं राहून वळता आलं पाहिजे, आणि पिशवीसकट वजन आठ किलोच्या आत हवं. दुकानातली पिशवी नुसतीच दीड किलोची निघाली. मी म्हटलं, बावीस वर्षं अख्ख्या गल्लीचे कपडे शिवते आहे, एक कुत्रं मापात बसवता येऊ नये? टेप काढला, साहेबांना कटाईच्या टेबलावर उभं केलं आणि छाती, पाठ, उंची, गळा अशी रीतसर मापं घेतली. इतकं शहाणं गिऱ्हाईक मला आजवर मिळालेलं नाही. (शाळेतल्या मोठ्या बाई मापाच्या वेळी पोट आत घेतात आणि मग कपडा घट्ट झाला म्हणून भांडायला येतात. साहेबांनी पोट जिथल्या तिथे ठेवलं.) पिशवी झाली बरोबर अर्ध्या किलोची. डॉक्टरांच्या काट्यावर साहेब सात किलो तीनशे. म्हणजे शिवणीत दोन बोटं सोडतात तसे मी दोनशे ग्रॅम सोडले होते. आता यात माझं काय चुकलं?

चुकलं ते तुमचं सगळ्यांचं. निरोपाच्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाला साहेबांचा उमाळा आला आणि जो तो दुसऱ्याचा डोळा चुकवून त्यांना भरवत सुटला. मी नाव घेत नाही, पण तुमच्या खोलीत बिस्किटांचा चुरा सापडला.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पिशवीत काय आहे?" मी सवयीनं म्हटलं, "साहेब." ती बिचारी उठून माझ्या मागे बघू लागली. मग पिशवी काट्यावर ठेवली. आठ किलो तीनशे. मुलगी म्हणाली, खाली सामानात द्यावं लागेल. मी म्हटलं, "बाळ, मला पंधरा मिनिटं दे." ती म्हणाली दहा. माझी कात्री मोठ्या बॅगेत, आणि मोठी बॅग पट्ट्यावरून केव्हाच आत गेलेली. मग मी तिथेच खांबापाशी फरशीवर बसले आणि माझी स्वतःची शिवण दातांनी उसवायला घेतली. माझ्या हातची शिवण उसवत नाही, हे मी आजवर गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगत आले. ते किती खरं आहे हे त्या दिवशी दाढांना कळलं. आतली गादी काढली, तळाचा पुठ्ठा काढला, बाजूचा खिसा काढला, साहेबांचा पट्टाही काढला. लोक थांबून बघत होते. बघू देत. पुन्हा काटा. आठ किलो सत्तर ग्रॅम.

आता पिशवीत काढण्यासारखं काही उरलं नव्हतं, तेव्हा मी साहेबांमधूनच काढायचं ठरवलं. त्यांना उचलून बाहेर गाड्यांच्या रांगेपलीकडच्या खांबाशी नेलं. पण साहेब पडले सभ्य. सामानाच्या ढकलगाड्या जात-येत असताना ते कसले पाय वर करतात! मी पाठ फिरवली, तोंडानं शीळ घातली, आकाशाकडे पाहिलं. जाऊबाई, आयुष्यात मी कुणाच्या लघवीची इतकी आतुरतेने वाट पाहिली नव्हती. (धाकट्याच्या तपासणीच्या वेळी हातात बाटली घेऊन दवाखान्यात बसले होते, तेव्हाही नाही.) शेवटी झाली. धावत आत. काट्याचा आकडा वरखाली झाला आणि सात किलो नऊशे नव्वदवर थांबला. "जा," मुलगी म्हणाली. मी गेले, मान वर करून.

विमान दिवसाचं होतं. मी साहेबांना नियमाप्रमाणे पुढच्या सीटखाली ठेवलं आणि जरा डोळे मिटले. तोच हवाई सुंदरी वाकून हळूच म्हणाली, "बाई, तुमची पिशवी चालली." बघते तर खरंच. तळाचे चारही कोपरे मीच दातांनी उसवलेले, त्यातून चार पाय बाहेर आले होते आणि माझी पिशवी मधल्या वाटेनं संथपणे मागच्या बाजूला निघाली होती. कुणी किंचाळलं नाही. एक गृहस्थ तर पाय आवरून घेऊन म्हणाले, "जाऊ द्या त्यांना." मी उठून पिशवी परत आणली आणि होत्या नव्हत्या त्या सगळ्या सेफ्टी पिना लावल्या.

पण त्यानंतर साहेब थरथरू लागले. मी जाळीतून हात आत घातला आणि बोलायला गेले, तर काय बोलावं ते सुचेना. सासूबाई त्यांच्याशी दिवसभर बोलायच्या, आणि इतक्या वर्षांत मी एकदाही कान देऊन ऐकलं नव्हतं. मग मला जे येतं तेच बोलले. घरातल्या एकेकाची गाऱ्हाणी सांगितली. तुमच्यापासून सुरुवात केली, (रागावू नका, तुमच्यावर दोन तास गेले) मग भाऊजी, मग आमचे हे. यांच्यापर्यंत येता येता साहेब झोपले. यांचं नाव काढलं की मलाही झोप येते.

उतरल्यावर प्राणी तपासणारा अधिकारी. साहेबांच्या मानेत डॉक्टरांनी तांदळाएवढी चिप घातली आहे, तिचा नंबर कागदाशी जुळला तरच बाहेर सोडतात. त्याने यंत्र मानेवरून फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. काही नाही. तो म्हणाला, चिप नसेल तर कुत्रं आत येणार नाही, परत पाठवावं लागेल. मी बाह्या सरसावल्या. म्हटलं, "थांबा. मला बघू द्या." कापडात राहिलेली टाचणी बोटानं शोधणं हा माझा रोजचा धंदा आहे. डोळे मिटले आणि मानेपासून पाठ, पाठीपासून खांदा, खांद्यावरून खाली असं चाचपत गेले. डाव्या बगलेच्या वर लागली, घसरत घसरत तिथवर आलेली. "इथे धरा." त्याने धरलं आणि यंत्र वाजलं. अधिकारी म्हणाला, "तुम्ही डॉक्टर आहात का?" मी म्हटलं, "टेलर."

बाहेर वन्सं उभ्या होत्या. वाळल्यात, केस पांढरे झालेत. त्यांनी मला लांबूनच पाहिलं आणि ओरडल्या, "अगं, किती गं उशीर!" जाऊबाई, आवाज हुबेहूब सासूबाईंचा. बावीस वर्षं हा आवाज आला की माझ्या हातातलं काम खाली पडायचं. मी तिथल्या तिथे ताठ उभी राहिले. आणि पिशवीतून साहेब भुंकले. एकदा नाही, सारखे. पिना तडातड सुटल्या, साहेब तळातून बाहेर पडले आणि फरशीवरून घसरत, आपटत वन्संपाशी गेले. वन्सं मटकन खाली बसल्या. त्यांना शेपटीनं, जिभेनं जे सांगायचं ते साहेबांनी सांगितलं. लोकांना वाट मिळेना, तेव्हा मी दोन्ही हात पसरून उभी राहिले आणि सगळ्यांना बाजूनं जायला लावलं.

तेव्हा जमलं. बाकी भेटीअंती. मोठ्यांना नमस्कार, लहानांना धपाटे, तुम्हाला यातलं जे हवं ते.

तुमची धाकटी जाऊ

ता. क. तुमच्याशी खोटं बोलवत नाही. काट्यावर सात नऊशे नव्वद आले ते खरं, पण त्या वेळी काउंटरवरच्या मुलीची करंगळी पिशवीच्या बंदात होती. मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे तिनेही पाहिलं. कुणाला सांगू नका, तिची नोकरी जाईल. आजवर मी एवढा चांगला हात कुठल्या कारागिराचा पाहिलेला नाही.

ता. क. दुसरा. पत्र खरं तर याचसाठी. मी तिकीट महिनाभर पुढे ढकललं आहे. तुमच्या धाकट्या दिरांना तुम्ही सांगा, तुमच्यापुढे त्यांचा आवाज चढत नाही. आधी जेवू घाला, मग सांगा. ते विचारतील, "एका कुत्र्यासाठी महिनाभर?" तर हो म्हणा. साहेब खुशाल आहेत, दोन वेळा जेवतात, त्यांना माझी काही गरज नाही. पण वन्सं कामावरून आल्या की त्यांना मांडीवर घेऊन आईचं सगळं विचारतात, शेवटी काय खाल्लं, कुणाला हाक मारली, त्रास झाला का. साहेब काय सांगणार? मी पलीकडच्या खोलीत असते, आणि मी तिथे होते. अजून त्यांनी मला विचारलेलं नाही. विचारतील तेव्हा मी इथे असावं, एवढंच.