पावडर लावून आलेला सूर

बेंगळूर,
गुरुवार, १६ जानेवारी २०२५

चि. रक्षिता हिला सोयराबाई अज्जीचे आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हा कागद. लिहिते आहे खालच्या मजल्यावरची अमृता, बोलते आहे मी. तिचं ऑफिस बेळ्ळंदूरलाच, तुझ्या आत्याच्या घराजवळ, अमृताच तुझ्या हातात देईल. पुण्याची आहे, माझी भाषा सरळ करायला बघते. मी म्हटलं, वाकडीच राहू दे, नात ओळखेल.

मी बरी आहे. गुडघा आहे तसाच आहे. काल दोन शेर अवरेकाळू (अमृता म्हणते, पावटे) भिजवले आणि एकटीच साल काढायला बसले. पियानो गप्प, तर हातही चालेना.

संक्रांतीला एळ्ळु, तिळगूळ द्यायला आलेल्या बायकांसमोर आत्याने तुझा पियानोचा व्हिडिओ टीव्हीवर लावला आणि मी मधेच 'शी' म्हणून उठले, याचा तुला राग. (अमृता विचारते, 'शी' लिहू का? लिही गं, शीच म्हणाले.) तोच बघून परदेशच्या संगीतशाळेत जागा मिळालीय, बायका टाळ्या वाजवतायत आणि घरची म्हातारी तोंड वाकडं करते! तू म्हणालीस, "अज्जी, तुला एक अक्षर येत नाही, तुला काय कळतंय?" आणि आत्याबरोबर निघून गेलीस.

खरंच, अक्षर येत नाही. पण आठ वर्षं मी त्या पियानोच्या पायाला पाठ टेकून बसले आहे. तुझा उजवा हात रेंगाळला की डावाही मागे राहायचा, प्राणेश मास्तरांचा ओरडून घसा बसायचा. तेव्हा कोणी दाखवलं गं? मीच, अवरेकाळू सोलता सोलता. चिमटीतून दाणा सुटतोच आहे, टप टप, आणि तोंड मात्र शेजारणीची गोष्ट कधी लांबवतंय, कधी घाईने उरकतंय. "डावा हात सोलू दे, उजवा बोलू दे," मी म्हटलं. मास्तर हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्या पोरांना हेच सांगायला लागले, माझं नाव न घेता.

तर ऐक. त्या गाण्यात आधी शांत सूर, मधे वादळ, मग तोच सूर परत. तू बसून सलग वाजवतेस तेव्हा वादळानंतर तो सूर दमून येतो, भिंत धरून आल्यासारखा. तेवढ्यासाठी मी हातातलं काम थांबवते. टीव्हीवरचा सूर अंघोळ करून, पावडर लावून आला होता. वादळ तुला ताप यायच्या आदल्या दिवशीचं, परत येणारा सूर ताप उतरल्यानंतरचा. दोन्ही दिवस मी तिथेच होते. मधे कॅमेरा तुझ्या बोटांवर गेला ना, तिथेच मास्तरांनी कापून जोडलंय. आणि वरून तू डोळे मिटून डोलतेस! कालचं सारू आजच्यात ओतून ताजं म्हणून पाहुण्यांना वाढावं, तशी किळस आली.

सरी, बरं. आता उरलेलं सांगते. अमृता, हात थांबवू नको.

व्हिडिओ शाळेला पाठवताना पालकाने सही करायची होती, की हे एका बैठकीत, न तोडता वाजवलंय. तुझे आई-बाप राहिले नाहीत, पालक मीच. मास्तरांनी आधी फोनवर सगळं वाजवून ऐकवलं, मग ते वाक्य कन्नडात दोनदा वाचून दाखवलं. मी तेव्हाच ओळखलं होतं, रक्षिता. संक्रांतीला नव्हे. तू खिडकीबाहेर बघत होतीस. मी "स्वल्प शाई जास्त लावा" म्हणाले आणि अंगठा दिला. तुला जायला मिळावं म्हणून. अडाणी बाईला काय कळणार, असा चेहरा केला. ज्यावरून जन्मभर लोकांची बोलणी खाल्ली, त्याच्याच आड जाऊन लपले. टीव्हीसमोर शिसारी आली ती माझी मला. 'शी' मात्र तुझ्या अंगावर टाकलं.

आता जागा पक्की करायचा कागद आलाय, त्यावरही माझा अंगठा हवाय. मास्तर दोनदा येऊन गेले. "अज्जी, मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे." मी म्हटलं, "म्हणूनच नाही म्हणते."

रविवारी ये. एकदाच बस आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजव. अमृता फोन धरेल. वादळात तीन जागी तुझी बोटं घसरतात, मला ठाऊक आहे. घसरू दे. तसंच शाळेला पाठवू आणि आधीचं जोडलेलं होतं, हेही कळवू. जागा जाईलसुद्धा. तेही लपवत नाही.

नाही आलीस तर सोमवारी मी एकटीच कळवीन. अंगठा माझा होता, तो परत घ्यायला तुझी परवानगी लागत नाही. पण तू वाजवलेलं सोबत असेल तर त्यांना ऐकायलाही काहीतरी मिळेल.

तुझ्यासाठी खोटी साक्ष दिलेली आणि आता तुझ्यासाठीच ती मोडणारी,

तुझी अज्जी